दुखायची थांबलेली दाढ : दात काढण्याविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे, तो म्हणजे दात काढणे. म्हणून या वेळचे सदर मी त्याच विषयाला दिले आहे. सातारा जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या दंत विभागात मी अनेक वर्षे काम केले असून उत्तरांत जे निरीक्षण म्हणून येईल ते तिथल्या रोजच्या कामातले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीची खालची दाढ दुखत होती म्हणून तिला रुग्णालयात नेले. ती कायमची दाढ असून बहुधा काढावी लागेल, असे तिथे सांगण्यात आले. आम्ही तिला दुधाची दाढ समजत होतो. दोन तास रांगेत बसलो तेव्हा दिसले, की समोरच्या जवळजवळ प्रत्येकाला दात काढूनच घ्यायचा होता. माझ्या सासूबाईंना साठीच्या आधीच कवळी लागली, यजमानांच्या तीन दाढा चाळिशीपर्यंत गेल्या. हे आनुवंशिक आहे का? आणि इतके दात का काढावे लागतात? (एक शिक्षिका, कोरेगाव तालुका)

उत्तर : आधी आनुवंशिकतेचे पाहू. दातांची ठेवण, जबड्याचा आकार, लाळेचे प्रमाण अशा काही गोष्टी आपल्याला आईवडिलांकडून मिळतात हे खरे. परंतु एका घरातील माणसांचे दात सारखेच किडतात याचे मोठे कारण हे, की त्या घरातील खाण्याच्या वेळा, चहातील साखर आणि दात घासण्याची रीत सारखी असते. शिवाय कीड करणारे जिवाणू जन्मतः बाळाच्या तोंडात नसतात. ते बहुतेक वेळा आईच्या किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या लाळेतून, तोच चमचा आधी स्वतः चाखून मग बाळाला भरवताना, त्याच्याकडे येतात. म्हणून ‘आमच्या घराण्यातच दात कच्चे’ असे म्हणून कोणी हात टेकू नयेत. आपल्या घरात तर दोन निरनिराळे आजार दिसतात. यजमानांच्या दाढा बहुधा किडीने गेल्या आणि मुलीचीही त्याच वाटेवर आहे. सासूबाईंचे दात मात्र एकामागून एक हलून पडले असतील, तर ते हिरड्यांच्या आजाराने गेले असणार.

रुग्णालयाच्या नोंदवहीत दात काढण्याचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असतो. वर्षभराची नोंदवही चाळली तर त्या रकान्यात मुख्यतः दोनच शब्द आलटूनपालटून दिसतात, कीड आणि हिरडी. अक्कलदाढ, अपघातात मोडलेला दात, वेडेवाकडे दात सरळ करायला जागा हवी म्हणून काढलेल्या उपदाढा, कवळी बसवण्यापूर्वी काढलेले उरलेसुरले दात ही कारणे त्यांच्या बरीच मागे असतात. रुग्णाचे वय आणि काढलेला दात हे रकाने शेजारी ठेवून वाचले की चित्र आणखी स्पष्ट होते. पंचविशी-तिशीतल्या माणसाची बहुतेक वेळा खालची दाढ निघालेली असते आणि कारण कीड असते. चाळिशी ओलांडली की हिरडीची नोंद वाढू लागते आणि पन्नाशी-साठीत एकेका बैठकीत दोन-तीन दात, त्यांतही खालचे पटाशीचे दात, निघालेले दिसतात. सुळे बहुधा शेवटपर्यंत टिकतात, कारण त्यांची मुळी सर्वांत लांब असते. हे केवळ आपल्याकडचे नाही, इतर देशांतील रुग्णालयांतही थोड्याफार फरकाने असेच आढळते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांच्या आणि ३५ ते ४४ वयोगटातील सुमारे ८० टक्के माणसांच्या दातांना कीड आढळली होती. तेव्हा आपल्याला दिसलेली रांग अपवाद नव्हती.

आपल्या मुलीची दाढ ही बहुधा ‘सहा वर्षांची दाढ’ असावी. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, सगळे दुधाचे दात अजून तोंडात असताना, त्यांच्या मागे वर दोन आणि खाली दोन अशा चार कायमच्या दाढा येतात. त्या येण्यासाठी एकही दात पडत नाही, हिरडी थोडी सुजते आणि दाढ गुपचूप बाहेर येते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि काळा डाग दिसला तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून दिली जाते. दुधाचे दात २० असतात आणि त्यांत ही दाढ नसते. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद आणि खोल असतात, की ब्रशचे केस त्यांच्या तळाशी पोहोचत नाहीत, आणि ती अशा वयात येते जेव्हा मूल स्वतःच्या हाताने दात घासू लागलेले असते, पण ते हात अजून मागेपर्यंत नीट वळत नसतात. प्रौढपणी किडीमुळे सर्वाधिक काढल्या जाणाऱ्या दातांत खालच्या बाजूच्या याच दोन दाढा मोडतात. आपण शिक्षिका असूनही हे ठाऊक नव्हते, असे आपण पत्रात खंतावून लिहिले आहे. पण ही गोष्ट पालकांना सांगण्याचे काम आम्हा दंतवैद्यांचे होते आणि ते पुरेसे झालेले नाही.

आता इतके दात काढावेच का लागतात, याकडे येते. नोंदवहीत ‘कीड’ असे लिहिले जाते, पण किडलेला प्रत्येक दात काढण्याजोगा नसतो. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात नस नसल्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काहीच जाणवत नाही. ती आतल्या थरात शिरली की गोड किंवा गार लागल्यावर शिवशिवते, आणि या टप्प्यावर एका बैठकीत सिमेंट भरून दात वाचतो. कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली की ठणका लागतो, रात्री आडवे झाल्यावर तो वाढतो, झोप लागत नाही. माणूस लवंगेचे तेल लावतो, औषधांच्या दुकानातून गोळी आणतो, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत ठणका आपोआप थांबतो. फसगत होते ती इथे. दुखणे थांबले ते दाढ बरी झाली म्हणून नव्हे, तर तिच्यातली नस मेली म्हणून. मेलेल्या नसेच्या पोकळीत जिवाणूंची वाढ चालूच राहते, मुळीच्या टोकाशी हाड पोखरले जाते, वरच्या भिंती ठिसूळ होऊन जेवताना तुकड्यातुकड्याने मोडतात, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन वर्षांनी एका रात्री गाल सुजतो. त्या सकाळी माणूस रुग्णालयाच्या रांगेत येतो. तेव्हा हिरडीच्या पातळीवर नुसते खुंट उरलेले असतात आणि वाचवण्यासारखे काही राहिलेले नसते.

मी जवळपास प्रत्येकाला विचारत असे, की पहिल्यांदा कधी दुखली होती. उत्तर बहुधा सणावरून किंवा हंगामावरून मिळायचे : ‘मागल्या बेंदराला दुखली होती, मग राहिली.’ या ‘राहिली’पासून आजच्या सुजेपर्यंत जो काळ गेला, तो माझ्या मते दात जाण्याचे खरे कारण आहे, आणि नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

मुलीच्या दाढेचा निर्णय प्रत्यक्ष तपासल्याशिवाय देता येणार नाही, परंतु काढण्यास होकार देण्यापूर्वी आपण दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. पहिले, रूट कॅनाल, म्हणजे दाढेची नस काढून आतली पोकळी भरण्याचा उपचार, करून ती वाचवता येईल का, हे विचारावे. या दाढेच्या मुळ्या साधारणपणे नऊ-दहा वर्षांच्या वयात पूर्ण होतात, त्यामुळे अकराव्या वर्षी तो बहुधा शक्य असतो. हिरडीच्या वर दाढेच्या भिंती पुरेशा शिल्लक आहेत का, हा खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर एक्स-रेतून मिळते. दुसरे, दाढ काढावीच लागली तर मागची, म्हणजे बारा वर्षांच्या सुमारास येणारी दाढ पुढे सरकून ती जागा घेईल का, हे विचारावे. आठ ते दहा वर्षांच्या वयात दाढ काढली तर हे चांगले घडण्याची शक्यता अधिक असते. अकराव्या वर्षी, विशेषतः खालच्या जबड्यात, ती कमी होते आणि मागची दाढ तिरकी येऊ शकते. त्याच दिवशी तिच्या उरलेल्या तीन सहा-वर्षांच्या दाढाही तपासून घ्याव्यात. त्या शाबूत असतील तर त्यांच्या खाचा बुजवणारा पातळ लेप, ज्याला सीलंट म्हणतात, तो लावून घ्यावा. त्यासाठी ना सुई लागते ना दात कोरावा लागतो.

खाण्याविषयी एवढेच लिहिते, की साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याला दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे. प्रत्येक गोड घासानंतर दातांवरच्या थरात काही मिनिटांत आम्ल तयार होते आणि लाळेला ते निष्प्रभ करायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. जेवणानंतर लगेच खाल्लेल्या दोन कंदी पेढ्यांपेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने तोंडात टाकलेली बिस्किटे आणि चिकट चॉकलेटे अधिक नुकसान करतात. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत आणि नंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये.

प्रश्न : माझे वय ५२, द्राक्षबागायत करतो. सात वर्षांपासून मधुमेह आहे. खालचे पुढचे चार दात हलू लागले आहेत. कीड नाही, दुखतही नाहीत. डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला सांगितले, पण भावकीतले म्हणतात की साफ केल्यावर दात आणखी हलतात, त्यापेक्षा काढून टाका. काय करू? (तासगाव)

उत्तर : खालच्या पटाशीच्या दातांना कीड सहसा लागत नाही, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे त्यांच्या अगदी मागे उघडतात आणि लाळ त्यांना सतत धूत राहते. पण त्याच लाळेतील क्षार दातांवरच्या जिवाणूंच्या थरावर बसून तिथे कीटण सर्वांत लवकर जमते. म्हणजे जी लाळ या दातांना किडीपासून वाचवते तिच्यामुळेच हिरडीचा आजार तिथे आधी दिसतो. कीटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर जिवाणू बसतात, हिरडी सुजते, ब्रश लावला की रक्त येते, आणि वर्षानुवर्षे ती सूज राहिली की दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू विरघळते. मांडवाच्या डांबाभोवतीची माती वाहून गेली तर डांब स्वतः शाबूत असूनही हलू लागतो, तसे हे आहे. या साऱ्यात दुखत मात्र नाही, म्हणून माणूस येतो तो दात हलू लागल्यावरच.

साफ केल्याने दात हलतात, हा समज इतका पसरलेला आहे की त्याचे मूळ सांगणे आवश्यक आहे. दातांच्या फटींत भरलेले कीटण चारही दातांना एकत्र जखडून ठेवते. ते काढले की आधीच झालेला हाडाचा ऱ्हास उघडा पडतो, फटी दिसतात, जिभेला दात सैल लागतात. सैलपणा आधीचाच असतो. हिरडीची सूज उतरल्यावर काही आठवड्यांत थोडा हलणारा दात पुष्कळदा पुन्हा घट्ट झालेला आढळतो.

मधुमेहाचा इथे दुहेरी संबंध आहे. रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार लवकर वाढतो, आणि हिरड्यांतील जंतुसंसर्ग चालू असेल तर साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांची घट होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीतून दिसले आहे. मधुमेहाच्या उपचारात ही घट उपेक्षणीय नाही. तेव्हा आपण दात आधी साफ करून घ्यावेत, एक्स-रे काढून हाड किती उरले आहे ते पाहावे आणि मगच एकेका दाताचा निर्णय करावा. पुढे-मागे थोडा हलणारा दात शेजारच्या दातांना बारीक तारेने जोडून वर्षानुवर्षे टिकवता येतो. बोटाने दाबल्यावर वर-खाली होणारा दात मात्र बहुधा काढावाच लागतो.

प्रश्न : माझी आई पंचेचाळीस वर्षे मिश्री लावते. ती म्हणते की मिश्रीमुळे दात घट्ट राहतात आणि सोडली की दुखतात. तिच्या हिरड्या खाली गेल्या आहेत, तीन दात पडले आहेत. तिला कसे समजवावे? (जत तालुका)

उत्तर : आपल्या आईला जे जाणवते ते खोटे नाही, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. मिश्री किंवा मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्याने तिच्यातले निकोटिन संपत नाही. ते हिरडीतून रक्तात जाते, तरतरी येते, दुखणे काही काळ बोथट होते. हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसल्यामुळे रक्त येणेही कमी होते, त्यामुळे हिरडी निरोगी झाल्यासारखी भासते आणि आजार आत झाकलेला राहतो. सोडल्यावर दुखते ते तलफेमुळे आणि झाकलेले दुखणे वर आल्यामुळे. खरखरीत पूड बोटाने रोज घासल्याने दातांच्या माना झिजतात आणि हिरडी मागे सरकते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात, आणि आपल्या भागातील स्त्रियांत त्यांपैकी पुष्कळ वापर मिश्रीच्याच रूपात होतो. पण तिला व्यसन म्हणायला घरात कोणी तयार नसते, कारण ती ‘दात घासणे’ या नावाखाली चालते.

‘सोड’ असे एकदम सांगून उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. दिवसातून चार वेळा असेल तर तीन वेळा, मग दोन, अशी कमी करत न्यावी, आणि त्या वेळेला तोंडात बडीशेप किंवा भाजलेला ओवा द्यावा. मात्र त्याआधी एक काम करावे. उजेडात तोंड उघडून ओठांच्या आतली बाजू, गाल आणि हिरड्या पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणे यांपैकी काही दिसले तर दातांचा प्रश्न बाजूला ठेवून आधी ते दाखवावे, कारण कर्करोगाची सुरुवात अशीच दिसू शकते.

प्रश्न : आमच्याकडे दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडतात. प्रत्यक्ष किडे पडलेले मी पाहिले आहेत. तसेच वरची दाढ काढली की नजर जाते असे म्हणतात. खरे काय? (माण तालुका)

उत्तर : ‘कीड’ या शब्दाने घोटाळा केला आहे. दाताला लागणारी कीड हा वळवळणारा किडा नसून जिवाणूंच्या आम्लाने झालेली झीज आहे. धुरीच्या वेळी पाण्यात पडणारे पांढरे बारीक तुकडे हा उष्णतेने फुटलेल्या बियांचाच आतला भाग असतो. निरोगी माणसाला धुरी दिली तरी तेच ‘किडे’ पडतात.

वरच्या दाढेचा डोळ्याच्या नजरेशी संबंध नाही. दाताच्या संवेदनेची नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. ज्या वयात दाढा काढाव्या लागतात त्याच वयात चाळिशीचा चष्मा लागतो, एवढाच योगायोग आहे. उलट वरच्या दाताचा पू तसाच राहू दिला तर सूज डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढू शकते, आणि ती खरी काळजीची गोष्ट आहे.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून साखर कारखान्यात हंगामी कामगार आहे. खालच्या दाढेला रूट कॅनाल आणि वर कॅप सांगितली आहे, तीन-चार खेपा होतील म्हणतात. गळीत हंगामात एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. काढली तर एका दिवसात मोकळा होतो, आणि बाकीच्या दाढा आहेतच. काढू की ठेवू? (वाळवा तालुका)

उत्तर : आपला हिशेब चुकीचा नाही, पण तो अर्धा आहे. दाढ काढल्यावर तिची जागा मोकळी राहते, आणि काही वर्षांत मागची दाढ त्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातील दाढ चावायला जोडीदार नसल्यामुळे हळूहळू बाहेर येते, दोन्हींच्या फटींत अन्न अडकू लागते. एका बाजूने चावणे सुटते, दुसऱ्या बाजूच्या दाढांवर भार येतो. मग आज जी एक दाढ वाचवण्याचा खर्च मोठा वाटतो, तिच्या शेजारच्या दाढाही पुढे त्याच रांगेत येऊ शकतात. पूल, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात, बसवायचा तर ते दोन चांगले दात कोरावे लागतात, आणि रोपण, म्हणजे जबड्याच्या हाडात कृत्रिम मुळी बसवून त्यावर दात, करायचे तर त्याचा खर्च रूट कॅनालपेक्षा बराच अधिक असतो. नीट चावून खाता येण्यासाठी तोंडात किमान २० नैसर्गिक दात असावेत असे मानले जाते. जपानने तर ८० व्या वर्षी २० दात हे उद्दिष्ट ठेवून १९८९ पासून मोहीम चालवली आहे. चौतिसाव्या वर्षी गेलेली प्रत्येक दाढ त्या हिशेबातून वजा होते.

तरीही मी आपल्याला रागावणार नाही, कारण ज्या माणसाची मजुरी दिवसावर आहे त्याच्यासाठी चार खेपा हा उपचाराचाच खर्च असतो, आणि आम्ही वैद्य तो आमच्या सोयीने विसरतो. दात काढण्याची आकडेवारी वाचताना मला नेहमी वाटते, की तीत आजार जितका दिसतो तितकेच अंतर, खाडा आणि सोयींची कमतरताही दिसत असते. सरकारी रुग्णालयांत दात काढणे बहुतेक ठिकाणी होते. रूट कॅनालची साधने, त्यासाठी लागणारा वेळ आणि विशेषतः कॅप हे सगळीकडे मिळत नाही. समोर साठ रुग्ण बसलेले असताना एकाच दाढेला तास देणे डॉक्टरलाही जमत नाही. मग जे तिथे मिळते तोच योग्य उपचार वाटू लागतो, रुग्णाला आणि कधी कधी आम्हालाही.

आपल्याला एक मधली वाट सुचवते. पहिल्या खेपेत नस काढून, आतून धुऊन, औषध भरून दाढ तात्पुरती बंद करता येते. ठणका त्याने बहुधा त्याच दिवशी उतरतो. पुढच्या दोन खेपा आपल्या साप्ताहिक सुटीला जोडून घ्याव्यात, आणि कॅप हंगाम संपल्यावर बसवावी, असे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. फक्त दुखायचे थांबले म्हणून मध्येच सोडू नये. तात्पुरते सिमेंट काही आठवडेच टिकते, आणि नस काढलेली दाढ कॅपशिवाय राहिली तर एखाद्या दिवशी भाकरीतल्या खड्यावर उभी चिरते. मग ती काढण्याशिवाय इलाज उरत नाही. अशा अर्धवट सोडलेल्या दाढा मी फार काढल्या आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे. कराड आणि सांगली येथे दंत महाविद्यालये आहेत. तिथे विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात, वेळ थोडा जास्त लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो.

दाढ हिरडीच्या खालपर्यंत मोडली असेल, मुळी उभी चिरली असेल किंवा आधाराचे हाड उरलेच नसेल, तर ती वाचवण्याच्या मागे पैसे घालू नयेत. अशा वेळी काढणे हाच योग्य उपचार असतो आणि तसे स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवावा.

प्रश्न : माझी अक्कलदाढ आडवी आहे असे एक्स-रेत दिसले. सध्या त्रास नाही. मित्र म्हणतात आत्ताच काढ. (एक विद्यार्थी, कराड)

उत्तर : आडवी आहे एवढ्याच कारणासाठी ती काढावी असे नाही. तिच्यावरची हिरडी वारंवार सुजत असेल, तोंड उघडणे अवघड होत असेल, किंवा ती पुढच्या दाढेला टेकून तिथे कीड पाडत असेल, तर पंचविशीच्या आत काढणे सोपे जाते, कारण हाड अजून लवचीक असते. यांपैकी काही नसेल तर वर्षातून एकदा दाखवत राहावे. खालच्या अक्कलदाढेच्या मुळ्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या जवळ असतात, त्यामुळे काढण्यापूर्वी ते अंतर एक्स-रेत पाहून घेतले का, हे जरूर विचारावे.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. हृदयात स्टेंट बसवला असून रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत. त्यांचे दोन दात काढायचे आहेत. शेजारी म्हणतात, आठ दिवस आधी गोळ्या बंद करा. काढल्यानंतर काय काळजी घ्यावी? (फलटण)

उत्तर : गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. दात काढल्यावर हिरडीतून येणारे रक्त दाबून, टाका घालून थांबवता येते; स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मात्र जिवावर बेतते. आज बहुतेक रुग्णांचे एक-दोन दात या गोळ्या चालू ठेवूनच काढले जातात. स्टेंट कधी बसवला आणि गोळ्या कोणत्या, हे लिहिलेला कागद दंतवैद्यांना दाखवावा आणि त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. वॉरफरीन किंवा त्या जातीची गोळी असेल तर आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी आधी करून घ्यावी लागते. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा एक डोस द्यावा लागतो, म्हणून झडप आणि स्टेंट यांतला फरक घरच्यांना माहीत असावा.

काढायला शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे रक्त येत राहिलेच तर दिवसाउजेडी परत दाखवता येते. नाश्ता आणि नेहमीची औषधे घेऊनच जावे. दात काढल्यावर दिलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा आणि सारखा काढून पाहू नये. पहिले चोवीस तास थुंकणे, चूळ भरणे, नळीने पिणे, तंबाखू आणि गरम चहा हे टाळावे, कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हीच त्या जखमेची खपली असते आणि ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधीपेक्षा जास्त ठणका लागतो. लाळेत गुलाबी छटा दुसऱ्या दिवसापर्यंत दिसली तर घाबरू नये. जेवण मऊ आणि गार असावे, दहीभात किंवा ताकातली भाकरी चालेल. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्यात. दुखण्यासाठी कोणती गोळी घ्यायची हे आधीच लिहून घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळे औषधांच्या दुकानातून न विचारता काही आणू नये.

घरी आल्यावर रक्त वाहतच राहिले, तर स्वच्छ ओला कापड घडी घालून तासभर घट्ट चावून धरावे आणि बसून राहावे, आडवे होऊ नये. तरीही थांबले नाही, किंवा जबड्याखाली सूज येऊन गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे, आणि गोळ्यांचा कागद बरोबर घ्यावा.